खापर आहे, डोकं गेलं

मुहूर्त रात्री अकराचा होता. ३१ जानेवारी २०२०, शुक्रवार. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडणार होता आणि पुष्कळ ब्रिटिश मंडळी त्याला ‘स्वातंत्र्य’ म्हणत होती. स्वातंत्र्य मध्यरात्री घ्यायचं असतं, हे याच मंडळींनी एकेकाळी आपल्याला शिकवलेलं. मग यांचे अकरा कसे? सोपं आहे. ब्रुसेल्समध्ये तेव्हा बारा वाजत होते. युरोपच्या जोखडातून सुटायची घटकासुद्धा युरोपच्या घड्याळानं ठरवली. ब्रुसेल्सचे बारा वाजले; लंडनचे वाजायला अजून तासभर अवकाश होता.

बरं, अशा क्षणी बिग बेन दणाणली पाहिजे. पण तिच्या मनोऱ्याची डागडुजी चालू होती आणि तेवढ्या टोल्यांसाठी ५ लाख पौंड खर्च येणार होता. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी लोकवर्गणीची कल्पना सोडली. अडीच लाखांच्या वर पौंड जमलेही, पण संसदेच्या कारभाऱ्यांनी हात जोडले. शेवटी जल्लोष करणाऱ्यांनी ध्वनिमुद्रित टोले वाजवून घेतले. वरात निघाली आणि बँड मोबाइलवर.

त्याआधीची गंमत तर टाकसाळीत घडली होती. सुटकेची आधीची तारीख ३१ ऑक्टोबर २०१९. ती कोरून ५० पेन्सची स्मारक नाणी पाडायला घेतली. तारीख पुढे ढकलली गेली आणि सुमारे १० लाख नाणी वितळवावी लागली. स्वातंत्र्य मिळायच्या आधीच त्याचं भांडं मोडीत काढणारा हा बहुधा पहिलाच देश.

*

हसून झालं असेल, तर मुद्द्याकडे येऊ. राजकारणाच्या बाजारात खापर कधी कमी पडत नाही. तुटवडा असतो तो डोक्यांचा. ब्रिटिश पुढाऱ्यांकडे १९७३ पासून एक आयतं, टणक, बारमाही डोकं होतं: ब्रुसेल्स. मासे कमी सापडले, फोडा ब्रुसेल्सच्या डोक्यावर. गावातला कारखाना बुडाला, ब्रुसेल्स. दवाखान्यात रांग लागली, ब्रुसेल्सनं धाडलेले परके. घरी येऊन सांगायचं, ‘आम्ही काय करणार, वरून आलंय’. ज्या बैठकीत ते ‘वरून’ ठरलं तिथे आपणच मान डोलावून आलो होतो, हे मात्र गिळून टाकायचं. हे डोकं फार गुणी होतं. उलटून बोलत नसे आणि ब्रिटनच्या निवडणुकीला उभंही राहत नसे.

या कलेतले एक उस्ताद आमच्याच धंद्यातले. १९८९ ते १९९४ या काळात ‘डेली टेलिग्राफ’चे ब्रुसेल्समधले वार्ताहर होते हेच बोरिस जॉन्सन. युरोपातले बाबू ब्रिटिश माणसाच्या ताटात आणि खिशात कसे हात घालतात, याच्या खमंग बातम्या ते धाडत आणि लंडनला त्या मिटक्या मारत वाचल्या जात. पुढे केळ्याच्या वाकडेपणावरचा युरोपचा नियम ब्रिटिश छापखान्यांना वर्षानुवर्षं पुरला. नियम होता तो मालाची प्रतवारी ठरवण्यापुरता. पण देशाचं कुठे काही अडलं की उत्तर तयार: नाचता येईना, केळं वाकडं.

हेच जॉन्सन २०१६ च्या फेब्रुवारीत पुन्हा लिहायला बसले आणि त्यांनी दोन लेख लिहिले. एक युरोप सोडावा म्हणून, दुसरा सोडू नये म्हणून. छापला पहिला. दुसरा काही महिन्यांनी बाहेर आला, तोवर सार्वमत उरकलं होतं. यावर पुष्कळांनी नाकं मुरडली. आम्ही नाही मुरडणार. एकाच आठवड्यात दोन्हीकडून लिहिता येणं ही सदरलेखकाची रोजीरोटी आहे. फरक इतकाच की उरलेल्या आम्हा लोकांच्या हाती कोणी देश देत नाही.

*

मुळात सार्वमताचा प्रश्न विचारला कोणी? तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी. कशासाठी? युरोपसाठी नव्हे. आपल्याच हुजूर पक्षातली चाळीस वर्षांची भाऊबंदकी मिटवायला आणि युरोपविरोधी पक्षाचे नेते नायजेल फराज यांच्याकडे सरकणारी मतं अडवायला. जानेवारी २०१३ मध्ये त्यांनी सार्वमताचा शब्द दिला, २०१५ मध्ये स्वबळावर निवडून आले आणि दिलेला शब्द गळ्यात पडला. घरातलं भांडण मिटेना म्हणून गावसभा बोलावली, तर गावानं घरच वाटून टाकलं.

गावसभेत बसायला कोण पात्र, तेही पाहा. ब्रिटिश, आयरिश आणि राष्ट्रकुलातल्या देशांचे तिथे राहणारे नागरिक. म्हणजे पुण्याहून गेलेला, भारतीय पासपोर्टवर व्हिसा चिकटवलेला संगणक अभियंता मत देऊ शकत होता. तीस वर्षं ब्रिटनमध्ये संसार करणारी, कर भरणारी जर्मन बाई देऊ शकत नव्हती. ज्या साम्राज्याचा सूर्य मावळला म्हणून निम्मा देश हळहळत होता, त्याच साम्राज्याच्या जुन्या रयतेला युरोपचा फैसला करायला बोलावलं होतं. इतिहासालाही विनोदाचं अंग असतं.

आणि मग ती लाल बस. आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपला जातात, ते आपल्या सरकारी आरोग्यसेवेला देऊ या, असं बसवर रंगवलेलं. ब्रिटनला मिळणारी सूट आणि युरोपातून परत येणारं अनुदान त्यातून वजाच केलं नव्हतं. पगारातून कापलेला फंड, भाडं, उधारी काही न मोजता ‘माझी कमाई एवढी’ म्हणून मुलगी पाहायला जावं, तसला हिशेब. देशाच्या आकडेवारीवर देखरेख करणाऱ्या संस्थेनं हा आकडा दिशाभूल करणारा असल्याचं बजावलं. बस धावत राहिली. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फराज दूरचित्रवाणीवर म्हणाले, ती जाहिरात चुकलीच. बस त्यांची नव्हती, हेही खरं. पण प्रवास फुकटात झाला होता.

राहणाऱ्यांची बाजूही काही धुतल्या तांदळाची नव्हती. अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी बागुलबुवा दाखवला: बाहेर पडायला मत दिलंत, तर तातडीनं ३० अब्ज पौंडांची करवाढ आणि काटछाट करावी लागेल. मत पडलं, तसा काही अर्थसंकल्प आला नाही. मजूर पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन यांना युरोपबद्दल किती ओढ, असं विचारलं तर म्हणाले, दहापैकी सात-साडेसात. लग्नाच्या मंडपात नवऱ्या मुलानं असं उत्तर दिलं असतं, तर वऱ्हाड तिथूनच परत गेलं असतं.

*

२३ जून २०१६. निकाल ५१.९ विरुद्ध ४८.१. मतं १ कोटी ७४ लाख विरुद्ध १ कोटी ६१ लाख. स्कॉटलंड ६२ टक्क्यांनी ‘राहू’ म्हणाला, उत्तर आयर्लंडही ‘राहू’ म्हणाला. इंग्लंड आणि वेल्स ‘निघू’ म्हणाले. मतपेट्या उघडल्यावर ‘युरोपीय संघ म्हणजे काय’ हा प्रश्न ब्रिटनमध्ये गूगलवर वर चढला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

कोणत्याही क्रांतीनंतर क्रांतिकारक सत्ता घ्यायला धावतात. इथे ते दाराकडे धावले. कॅमेरून दुसऱ्याच दिवशी राजीनामा देतो म्हणाले, आणि जुलैत माध्यमांसमोर निरोपाची तारीख सांगून दारातून आत जाताना चक्क गुणगुणत गेले. माइक चालू होता. जॉन्सन पंतप्रधान होणार, तेवढ्यात त्यांचे सहकारी मायकेल गोव्ह यांनी ऐन वेळी पाय ओढला आणि स्वतः उभे राहून हरले. फराज ‘माझं काम झालं’ म्हणत पक्षाच्या नेतेपदावरून उतरले. युरोपीय संसदेची खासदारकी मात्र १९९९ पासून होती, ती शेवटच्या दिवसापर्यंत सांभाळली. ब्रुसेल्सविरुद्ध वीस वर्षं लढा, पगार ब्रुसेल्सचा.

उष्टी काढायला पंतप्रधान म्हणून राहिल्या थेरेसा मे. मत दिलं होतं राहण्याच्या बाजूनं, काम मिळालं निघण्याचं. ‘ब्रेक्झिट म्हणजे ब्रेक्झिट’ हे त्यांचं वाक्य. ब्रह्म म्हणजे ब्रह्म, यापलीकडे उपनिषदांनाही काही सांगावं लागलं होतं. बाईंनी नाही सांगितलं.

कारण सांगण्यासारखं नव्हतंच. मतपत्रिकेवर ‘कुठून निघायचं’ एवढंच होतं, ‘कुठे जायचं’ नव्हतं. एकाला नॉर्वेसारखं व्हायचं होतं, एकाला कॅनडासारखं, एकाला टेम्सकाठचं सिंगापूर. १५ जानेवारी २०१९ ला बाईंचा करार ४३२ विरुद्ध २०२ असा पडला. आधुनिक काळात कोणत्याही सरकारचा एवढा मोठा पराभव संसदेनं पाहिला नव्हता. मार्चमध्ये तोच करार आणखी दोनदा पडला. मग खासदार म्हणाले, आम्हीच ठरवतो. २७ मार्चला त्यांनी आठ पर्याय मतदानाला टाकले आणि आठही पाडले. १ एप्रिलला आणखी चार, तेही पाडले. तारीख पाहून घ्यावी.

*

आता खापराकडे परत. घाव बसत होते, खापर तयार होतं, पण ब्रुसेल्स नावाचं डोकं हळूहळू हातातून सुटत चाललेलं. मग नवी डोकी शोधणं आलं.

पहिला मान तज्ज्ञांचा. त्यांचा लोकांना कंटाळा आलाय, असं गोव्ह यांनी प्रचारातच जाहीर केलं होतं. मग न्यायाधीश: संसदेला विचारल्याशिवाय सरकारला निघता येणार नाही, एवढंच बोलल्याबद्दल तिघा न्यायमूर्तींचे फोटो ‘डेली मेल’नं ‘जनतेचे शत्रू’ म्हणून पहिल्या पानावर छापले. मग खुद्द संसद: पंतप्रधान झालेल्या जॉन्सन यांनी ती पाच आठवडे बंद ठेवायचा घाट घातला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अकराच्या अकरा न्यायमूर्तींनी तो बेकायदा ठरवला. गंमत अशी की ‘सार्वभौम संसद परत मिळवू’ हीच तर मूळ घोषणा होती. मिळवली आणि कुलूप घातलं.

दरम्यान मंत्र्यांचं शिक्षण चालू होतं. ब्रेक्झिटचंच खातं सांभाळणारे डॉमिनिक राब २०१८ च्या नोव्हेंबरात म्हणाले, देशाचा व्यापार डोव्हर-कॅले या वाटेवर एवढा अवलंबून आहे, हे आपल्याला नीट उमगलं नव्हतं. बेटावर जन्म, पण मध्ये समुद्र आहे हे उशिरा कळलं. त्या समुद्रावर करार न होता बाहेर पडायची वेळ आली तर जादा बोटी हव्यात, म्हणून सरकारनं १ कोटी ३८ लाख पौंडांचं कंत्राट एका कंपनीला दिलं. कंपनीकडे एकही बोट नव्हती. तिच्या संकेतस्थळावरच्या अटी तर घरपोच जेवण पोचवणाऱ्या धंद्याच्या वाटत होत्या. कंत्राट दोन महिन्यांत रद्द. पिझ्झा आलाच नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये जॉन्सन ‘उरका एकदाचं’ म्हणाले आणि ८० जागांच्या बहुमतानं जिंकले. लोक दमले होते. दमलेला माणूस कोणत्याही कागदावर सही करतो. उरकलं ते असं: उत्तर आयर्लंड आणि उरलेलं ब्रिटन यांच्यामध्ये समुद्रात मालतपासणीची रेघ. असली रेघ कोणतंही हुजूर सरकार मान्य करणार नाही, असं याच जॉन्सननी वर्षभर आधी उत्तर आयर्लंडच्या डीयूपी पक्षाच्या मेळाव्यात जाऊन ठासून सांगितलं होतं. आमच्या एका वाचकानं विचारलं, ते खोटं बोलले का? छे. त्यांनी तेव्हा पहिला लेख वाचून दाखवला, नंतर दुसरा.

*

डोकी संपली तेव्हा शेवटी आपल्याच पंतप्रधानांची वापरायला काढली. २०१६ च्या जुलैपासून २०२२ च्या ऑक्टोबरपर्यंत कॅमेरून, मे, जॉन्सन, ट्रस, सुनाक: सव्वासहा वर्षांत पाच. लिझ ट्रस ४९ दिवस टिकल्या. एका वर्तमानपत्रानं कॅमेऱ्यापुढे ठेवलेला लेट्यूसचा गड्डा त्यांच्याहून टिकाऊ निघाला. हा विनोद जुना झाला. नवा मुद्दा वेगळा आहे. ४५ अब्ज पौंडांची करसवलत जाहीर करून पैसे कुठून आणणार ते त्यांनी सांगितलं नाही, आणि बाजार कोसळला. पूर्वीच्या काळी अशा वेळी ब्रुसेल्स धावून आलं असतं. आता अंगणही आपलं, केळंही आपलं.

फायदे मात्र शोधायलाच हवे होते. २०२२ मध्ये जेकब रीस-मॉग यांना ‘ब्रेक्झिटच्या संधीं’चा मंत्रीच नेमलं, त्यांनी ‘सन’च्या वाचकांना सांगितलं, कोणते नियम काढू ते कळवा. नवरी घरी आल्यावर गावाला विचारायचं, हिच्यात गुण कोणते? पौंड-औंस या जुन्या वजनामापांना परत मोकळीक द्यावी का, म्हणून सरकारनं जनतेला विचारलं. लाखभर उत्तरं आली आणि ९८.७ टक्के लोक मेट्रिकच्या बाजूचे निघाले. अभिमानाचा निळा पासपोर्ट आला. युरोपनं लाल रंगाची सक्ती कधी केलीच नव्हती, आणि निळ्याच्या छपाईचं कंत्राट गेलं फ्रेंच-डच कंपनीकडे, छपाई पोलंडात.

*

पण सगळ्यात मोठा विनोद आपल्या माणसांवर झाला. स्विंडन हे इंग्लंडमधलं गाव गोंयकारांनी गजबजलेलं. गोव्यात पोर्तुगीज अमलात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. म्हणून साष्टी-बारदेशचा पोरगा लिस्बनमध्ये आज्याच्या जन्माची नोंद करायचा, पोर्तुगीज व्हायचा, म्हणून युरोपीय व्हायचा, आणि लिस्बनला न थांबता गोदामात किंवा कारखान्यात कामाला स्विंडनला उतरायचा. सार्वमतात त्याला मत नव्हतं. तो युरोपीय ना! भारतीय पासपोर्ट ठेवला असता तर होतं. स्विंडननं ५४.७ टक्क्यांनी ‘निघू’ म्हटलं. २०२१ मध्ये तिथला होंडाचा मोटार कारखाना बंद झाला. कंपनी म्हणाली, ब्रेक्झिटचा संबंध नाही. असेलही. खापर फोडायला तिथे कोणाचंच डोकं उरलं नाही, एवढं खरं.

दुसरीकडे, प्रीती पटेल प्रचारात ब्रिटनमधल्या करी हाउसवाल्यांना सांगत होत्या: युरोपीयांचा लोंढा थांबला की आपल्याकडचे आचारी आणता येतील. पुढे त्याच गृहमंत्री झाल्या, गुणांवर आधारलेली व्हिसा पद्धत आणली, आणि तंदूरवाला पगाराच्या अटीत अडकला. २०२४ मध्ये तर ती अट ३८,७०० पौंडांवर गेली. वांगी पोचली, आचारी मुंबईतच.

आणि ज्या एका गोष्टीसाठी लाखोंनी मतं दिली, ते स्थलांतर? सार्वमताच्या महिनाभर आधी प्रसिद्ध झालेला निव्वळ आकडा होता ३ लाख ३३ हजार. २०२३ मध्ये तो ९ लाखांच्या वर जाऊन आला. युरोपीय परतू लागले आणि त्यांच्या जागी भारत, नायजेरिया अशा ठिकाणांहून विद्यार्थी, परिचारिका, वृद्धांची सेवा करणारे आले. पोलिश नळदुरुस्तीवाल्याला हाकलायला निघालेल्या इंग्रजाच्या दारात आज केरळची नर्स उभी आहे. त्याला वाटतं आपल्याला फसवलं. नर्सला वाटतं, याच्या आजोबांना आम्ही बोलावणं पाठवलं नव्हतं, तरी आले होतेच की.

*

२०२४ च्या जुलैत मजूर पक्ष प्रचंड बहुमतानं आला. प्रचारात ब्रेक्झिट हा शब्द अशुभ नावासारखा टाळला. पाहण्यांमध्ये निम्म्याहून अधिक लोक ‘ते चुकलंच’ म्हणतात, पण परत जाऊ या म्हणायची मजूर पक्षाचे पंतप्रधान कीर स्टार्मर यांची छाती झाली नाही: एक बाजारपेठ नको, जकातसंघ नको, मुक्त ये-जा नको. मग १९ मे २०२५ ला लंडनमध्ये युरोपशी ‘नव्यानं मांडणी’ झाली. युरोपच्या बोटींना ब्रिटिश पाण्यात २०३८ पर्यंत मासेमारी चालू. बदल्यात खाद्यपदार्थांच्या व्यापारातली तपासणी कमी करायची, त्यासाठी नियम युरोपचे पाळायचे. पूर्वी ब्रिटन ज्या पंगतीत बसून वाढप ठरवत होता, तिथे आता ओसरीत बसून ताट घेतो. मीठ कमी आहे म्हणायचीही सोय नाही.

त्याच वर्षी २४ जुलैला भारताशी करार झाला. स्कॉचवरची १५० टक्के जकात आधी ७५ वर, मग दहा वर्षांत ४० वर. आपल्याकडच्या पुष्कळ सद्गृहस्थांना ब्रेक्झिटचं हे एकच फळ चाखता येईल. या करारानं दीर्घकाळात ब्रिटनची अर्थव्यवस्था ०.१ टक्क्यानं वाढेल, असा ब्रिटिश सरकारचाच अंदाज. ब्रेक्झिटमुळे उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्क्यांनी घटेल, असा तिथल्याच स्वतंत्र अर्थसंकल्प कार्यालयाचा. वजाबाकी वाचकांनी करावी. पेला हातात घेऊन केलीत तर बरी वाटेल.

आणि फराज? ब्रेक्झिट छानच होतं, अमलात आणणाऱ्यांनी वाटोळं केलं, असं ते म्हणतात. सात वेळा हरल्यावर २०२४ मध्ये ते एकदाचे वेस्टमिन्स्टरमध्ये पोचले. त्यांच्या नव्या पक्षाला ४१ लाख मतं, जागा ५. आता खाडीतून रबरी बोटींनी येणाऱ्यांचा प्रश्न आहे आणि नेमकं याच वेळी जुनं डोकं गेलेलं. पण हाडाचा कारागीर हात बांधून बसत नाही. नवं डोकं सापडलं आहे: स्ट्रासबर्ग. तिथलं मानवाधिकार न्यायालय, ज्यानं जून २०२२ मध्ये रवांडाला जाणारं निर्वासितांचं विमान धावपट्टीवर रोखलं. ते युरोपीय संघाचं नाही, पण नावात ‘युरोपीय’ आहे, तेवढं पुरे. ज्या करारावर ते उभं आहे त्याच्या लेखनात डेव्हिड मॅक्सवेल फाइफ हे हुजूर पक्षाचेच वकील आघाडीवर होते, आणि १९५१ मध्ये त्याला मंजुरी देणारा पहिला देश ब्रिटनच. ऑक्टोबर २०२५ मध्ये केमी बेडनॉक यांच्या हुजूर पक्षानं जाहीर केलं: सत्तेत आलो तर यातूनही निघू. फराज यांचं हेच म्हणणं.

म्हणजे आणखी एकदा निघणं आलं. बस रंगवायला घ्यावी, नाणी पाडायला टाकावीत. बिग बेन दुरुस्त झाली आहे, आता खरे टोले मिळतील. फक्त मुहूर्त काढताना एक पाहून ठेवावं: स्ट्रासबर्गचं घड्याळही लंडनच्या तासभर पुढेच असतं.